फाज नेमका कुठल्या पायरीवर अडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ई. कोलाय या जिवाणूच्या दोन स्ट्रेन, म्हणजे दोन वाण, हाताशी आहेत. एकीवर एक फाज, म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू, भरपूर आणि स्वच्छ प्लाक देतो (प्लाक म्हणजे जिवाणूंच्या थरात पेशी फुटून पडलेली गोल मोकळी जागा). दुसरीवर तोच फाज टाकला तर दहा हजारांत एखाददुसरा प्लाक उमटतो. दुसऱ्या स्ट्रेनचा जीनोम वाचून घेतला, त्यात क्रिस्पर सापडलं, म्हणजे जुन्या फाजच्या डीएनएचे तुकडे जपून तो पुन्हा आला की तोडणारी यंत्रणा. मग ही स्ट्रेन क्रिस्परमुळेच वाचते असं धरायचं का?

नाही. आणि ई. कोलायच्या बाबतीत तर मुळीच नाही. के-१२ घराण्यातल्या स्ट्रेनमध्ये क्रिस्परची सगळी सामग्री असते, पण एच-एनएस नावाचं प्रथिन त्या जनुकांवर बसून त्यांना गप्प ठेवतं. जीनोममध्ये यंत्रणा सापडली म्हणजे घरात कुलूप सापडलं एवढंच. ते दाराला लावलंय की माळ्यावरच्या ट्रंकेत पडलंय, हे त्यावरून कळत नाही. शिवाय कुलूप एकच असतं असंही नाही. एका जिवाणूच्या जीनोममध्ये सरासरी पाचेक बचाव यंत्रणा सापडतात आणि बहुधा त्या एकमेकींना खेटून, एकाच वस्तीत असतात. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रोटेम सोरेक यांच्या गटाने अशाच वस्त्या धुंडाळून एका फटक्यात दहा नव्या यंत्रणा दाखवल्या, नऊ फाजविरोधी आणि एक प्लाझ्मिडविरोधी (प्लाझ्मिड म्हणजे पेशीतलं गुणसूत्राबाहेरचं छोटं डीएनएचं कडं). नावं वेगवेगळ्या देशांतल्या रक्षक देवतांची ठेवली: झोऱ्या, थोएरिस, गबिया, हाचिमान, लमासू वगैरे. आता हा आकडा शंभरावर गेलाय. एवढ्या गर्दीतून जीनोमकडे बघून एक नाव उचलणं म्हणजे चिठ्ठी काढणं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी फाज कुठल्या पायरीवर अडतो ते शोधा, नाव मागाहून. पायऱ्या ठरलेल्या आहेत: पेशीला चिकटणं, डीएनए आत सोडणं, डीएनए शाबूत राहणं, नकला आणि प्रथिनं बनणं, नवे फाज जुळणं, पेशी फुटणं. (इथे सगळीकडे ‘फाज’ लिहितोय. ‘फेज’ म्हणणारेही पुष्कळ आहेत, पण लगेच पुढे ‘लॉग फेज’, म्हणजे कल्चरच्या जोमदार वाढीचा टप्पा, येतो आणि वहीत गोंधळ होतो.)

आधी मोजणी नीट करा

नुसत्या थेंब चाचणीवर विसंबू नका. दाट फाजचा थेंब लॉनवर, म्हणजे प्लेटवरच्या जिवाणूंच्या सलग थरावर, टाकला आणि तिथे स्वच्छ डाग पडला, तर फाज वाढला असं ठरत नाही. एका पेशीला एकदम शेकडो फाज चिकटले की आवरणाला इतकी भोकं पडतात की पेशी बाहेरूनच फुटते, आत एकही नवा फाज तयार झालेला नसतो. लायसेटमधले (फुटलेल्या पेशींच्या द्रवातले) कोलिसिन, म्हणजे जिवाणूंनीच बनवलेली मारक प्रथिनं, किंवा उरलेला क्लोरोफॉर्मही असाच डाग पाडतो. ओळखायची खूण सोपी आहे. दहापट, दहापट पातळ करत जा. खरी लागण असेल तर डाग विरळ होत होत सुटे प्लाक दिसू लागतात. खोटी असेल तर डाग नुसता फिका होत नाहीसा होतो.

मोजणीसाठी दोन थरांची प्लेट. खालचा अगार १.५ टक्के, वरचा ०.५ ते ०.७ टक्के. वरचा अगार ४ मिलीलिटरच्या नळ्यांत ४५ ते ४८ अंशांवर ठेवा. ५० च्या वर गेला तर पेशी पोळतात, ४२ च्या खाली आला तर ओतताना गुठळ्या होतात. लॉग फेजमधल्या, ओडी (गढूळपणाचं माप) ०.५ च्या कल्चरचे २०० मायक्रोलिटर आणि पातळ केलेल्या फाजचे १०० मायक्रोलिटर एकत्र करा, चिकटायला १० मिनिटं द्या, अगारच्या नळीत घाला, बुडबुडे न होऊ देता फिरवा आणि लगेच ओता. प्लेट आधी कोरड्या करून घेतल्या नाहीत तर प्लाक ओघळतात आणि मोजणी वाया जाते. दोन्ही स्ट्रेन एकाच दिवशी, फाजच्या त्याच पातळ मालिकेतून, प्रत्येकी तीन प्लेट. ज्या प्लेटवर ३० ते ३०० प्लाक आहेत त्याच मोजायच्या.

लॅम्डा नावाचा फाज वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. हा फाज लॅमबी या प्रथिनाला चिकटतो. ते प्रथिन पेशी माल्टोजच्या वाहतुकीसाठी बनवते आणि माध्यमात ग्लुकोज असला की त्याचं उत्पादन जवळजवळ थांबवते. कल्चर ग्लुकोजमध्ये वाढवलं, तर भोळीभाबडी स्ट्रेनसुद्धा ‘प्रतिकारक्षम’ दिसते. ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलीमोलर मॅग्नेशियम सल्फेट घालून वाढवा, आणि दोन्ही स्ट्रेन एकाच बाटलीतल्या माध्यमात.

मग ईओपी काढा, म्हणजे अवघड स्ट्रेनवरचा टायटर (मिलीलिटरमागे प्लाक) भागिले सोप्या स्ट्रेनवरचा टायटर. समजा सोप्या स्ट्रेनवर मिलीलिटरला २०० कोटी प्लाक आले आणि अवघड स्ट्रेनवर ४ लाख. ईओपी ०.०००२. पुढचं सगळं या आकड्याभोवती फिरतं. प्लाकचा आकारही वहीत टिपून ठेवा. संख्या जवळपास सारखी पण प्लाक टाचणीच्या टोकाएवढे असतील, तर ती वेगळी भानगड आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

फाज चिकटतो का?

ही चाचणी तासाभरात होते, तरी बहुतेक जण ती गाळतात. ओडी ०.५ म्हणजे ई. कोलायच्या मिलीलिटरला साधारण ४० कोटी पेशी. त्यात ४० लाख फाज घाला, म्हणजे शंभर पेशींमागे एक. ३७ अंशांवर १० मिनिटं ठेवा (लॅम्डाला १५ ते २०), १२,००० जीला २ मिनिटं फिरवा, वरचा द्रव काळजीपूर्वक काढा आणि त्यातले मोकळे राहिलेले फाज मोजा. तिसरी नळी पेशींविना, नुसतं माध्यम आणि फाज, ही तुलनेसाठी हवीच. मोकळे फाज मोजायचे ते नेहमी सोप्या स्ट्रेनवर. अवघड स्ट्रेनवर मोजले तर उत्तर शून्याजवळ येतं आणि सगळे फाज चिकटले असा भास होतो. वेळही लांबवू नका. टी-७ सारखा फाज वीसेक मिनिटांत पेशी फोडून बाहेर येतो, मग जुने मोकळे आणि नवे फाज वेगळे करता येत नाहीत.

सोप्या स्ट्रेनला ९० टक्क्यांहून जास्त फाज चिकटले आणि अवघड स्ट्रेनला जेमतेम ५, तर शोध इथेच थांबला. ग्राही, म्हणजे फाज पेशीवर जिथे चिकटतो ती जागा, बदललंय, गेलंय किंवा झाकलंय. टी-१ आणि टी-५ एफएचयूए या लोहवाहक प्रथिनाला धरतात, टी-६ टीएसएक्सला, टी-७ लायपोपॉलिसॅकराइडला. यातलं कोणतं जनुक मोडलंय ते सिक्वेन्समध्ये लगेच दिसतं. असे बदल फाज येण्याआधीच, आपोआप घडलेले असतात, हे लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये टी-१ वापरूनच दाखवलं. कोट्यवधी पेशींच्या लॉनमध्ये त्या एकदोन असतातच, म्हणून रात्रभर ठेवलेल्या प्लेटवर स्वच्छ भागात मधूनच एखादी वसाहत उगवलेली दिसते. या बचावाची किंमतही पेशीच मोजते. ग्राही टाकून दिलं की त्यातून येणारं लोह किंवा साखर गेली. फाजही हात बांधून बसत नाही. लॅम्डाच्या शेपटीच्या टोकावरच्या ‘जे’ नावाच्या प्रथिनात काही बदल झाले की तो लॅमबी सोडून ओएमपीएफ या दुसऱ्या प्रथिनाला धरायला शिकतो, हे प्रयोगशाळेत घडताना पाहिलं गेलंय.

दार बदलून वाचणं फक्त जिवाणूंनाच जमतं असं नाही. समुद्रातलं एमिलियानिया हक्सलेयी हे एकपेशीय शैवाल विषाणूची साथ आली की गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या रूपात तगून राहतं, आणि त्या रूपातल्या पेशींवर तो विषाणू चालत नाही.

चिकटला, पण पुढे काही नाही

इथे आधी एक साधी शक्यता बाजूला काढा. त्या स्ट्रेनमध्ये तसाच एखादा फाज आधीपासून झोपलेला तर नाही? लॅम्डा बाळगणाऱ्या पेशीत सीआय हे दमनकारी प्रथिन तयारच असतं. बाहेरून आलेल्या लॅम्डाचा डीएनए आत शिरतो, त्यावर सीआय बसतं, विषय संपला. ईओपी मात्र ‘जबरदस्त बचाव’ दाखवतो. लॅम्डा-व्हिर हा उत्परिवर्ती घ्या. त्याच्या डीएनएवर सीआय नीट बसत नाही, त्यामुळे तो या अडथळ्यातून पार होतो. साधा लॅम्डा अडतो आणि व्हिर चालतो, तर कारण कळलं. झोपलेला फाज लॅम्डा नसून दुसराच असेल तर त्याला जागं करायला कल्चरमध्ये मिलीलिटरला ०.५ ते १ मायक्रोग्रॅम मायटोमायसिन-सी घाला आणि ओडी बघत राहा. दोनतीन तासांत कल्चर फुटून निवळलं तर आत कुणीतरी होतं. मायटोमायसिन डीएनएवरच घाव घालतं, हातमोज्यांशिवाय बाटलीला हात लावू नका.

परतीच्या तिकिटाची चाचणी

दहा हजारांत एखाददुसरा प्लाक, हा ईओपी ऐकला की पहिला संशय रिस्ट्रिक्शन-मॉडिफिकेशनवर जायला हवा. यात दोन कामं असतात. एक एन्झाइम डीएनएवरचा ठरावीक शब्द शोधून डीएनए तोडतं, दुसरं तोच शब्द आपल्या डीएनएवर मिथाइलची टिकली लावून वाचवतं. के-१२ मधलं इकोकेआय हे एएसी, मग कोणतीही सहा अक्षरं, मग जीटीजीसी असा शब्द शोधतं. लॅम्डाच्या जीनोममध्ये तो पाच ठिकाणी आहे. टिकली नसलेला लॅम्डा आत आला की बहुतेक वेळा तुटतो. क्वचित एखाद्या पेशीत तोडणाऱ्याआधी टिकली लावणारं पोचतं. त्या एका पेशीतून निघालेल्या सगळ्या फाजवर आता के ची टिकली असते, आणि ते पुढच्या के-१२ पेशींत बिनदिक्कत शिरतात. ‘हे नुसतं उत्परिवर्तन नव्हे’ हे १९५२-५३ मध्ये लुरिया आणि ह्युमन, बर्तानी आणि वाइगल यांच्या कामातून दिसलं. वेर्नेर आर्बर यांनी डीएनएपर्यंतचा धागा १९६२ मध्ये जोडला आणि १९७८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

चाचणी अशी. अवघड स्ट्रेनवर उमटलेला एक सुटा प्लाक पिपेटच्या टोकाने उचला, १ मिलीलिटर बफरमध्ये सोडा, त्याच स्ट्रेनवर एकदा वाढवा. या साठ्याचा टायटर दोन्ही स्ट्रेनवर काढा. ईओपी ०.०००२ वरून १ च्या आसपास आला असेल. इथे बरेच जण थांबतात आणि चुकतात, कारण फाजमध्ये उत्परिवर्तन झालं तरी हेच दिसतं. आता परतीचं तिकीट काढा. हाच साठा सोप्या स्ट्रेनवर एक फेरी वाढवा आणि पुन्हा दोन्हीकडे मोजा. ईओपी पुन्हा ०.०००२ वर घसरला, तर टिकली गेली, म्हणजे रिस्ट्रिक्शन-मॉडिफिकेशन. १ वरच राहिला, तर फाजचं जनुक बदललंय.

आता यातला सापळा. ही ‘सोपी स्ट्रेन’ कोणती आहे ते बघा. पुष्कळ प्रयोगशाळांत हाताशी डीएच-५-अल्फा असते आणि फाज तिच्यावरच वाढवला जातो. तिच्या जीनोटाइपमध्ये एचएसडीआर१७ लिहिलेलं असतं. म्हणजे इकोकेआयचं तोडण्याचं काम बंद, टिकली लावण्याचं चालू. तिच्यातून निघालेला प्रत्येक फाज के ची टिकली लावूनच बाहेर पडतो. तो एमजी-१६५५ या के-१२ स्ट्रेनवर टाकला की ईओपी १ येतो आणि वहीत ‘रिस्ट्रिक्शन नाही’ अशी नोंद होते. एन्झाइम तिथे ठणठणीत असतं. तुलनेसाठी ई. कोलाय सी किंवा बीएल-२१ घ्या. त्या दोघी के ची टिकली लावत नाहीत. म्हणूनच फाजच्या प्रत्येक नळीवर नाव आणि तारखेबरोबर तो शेवटी कोणत्या स्ट्रेनवर वाढवला तेही लिहायला हवं. ते लिहिलेलं नसेल तर त्या साठ्याच्या ईओपीला अर्थ नाही.

फाजची निवडही इथे उत्तर बदलते. टी-७ आत शिरताच ओसीआर नावाचं प्रथिन बनवतो. ते आकाराने आणि विद्युतभाराने डीएनएसारखं असतं, इकोकेआय त्यालाच डीएनए समजून मिठी मारतं आणि अडकून पडतं. टी-४ च्या डीएनएत साध्या सायटोसिनऐवजी साखर लावलेला हायड्रॉक्सिमिथाइल सायटोसिन असतो, त्यावर नेहमीची बहुतेक रिस्ट्रिक्शन एन्झाइमं चालत नाहीत. या दोघांवर चाचणी करून ‘रिस्ट्रिक्शन नाही’ म्हणू नका.

क्रिस्परचा पुरावा कसा असतो

खरं काम करणारं क्रिस्पर बघायचं तर ई. कोलायपेक्षा दही आणि चीजच्या विरजणातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस घ्यावा. दुग्धव्यवसायात फाज शिरला की विरजण लागत नाही आणि दुधाची अख्खी टाकी वाया जाते, त्यामुळे तिथे हा अभ्यास पोटासाठी झालाय. २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीतल्या रोडोल्फ बारांगू, फिलिप होर्व्हाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फाजच्या हल्ल्यातून वाचलेल्या पेशी त्या फाजच्या डीएनएचा तुकडा आपल्या क्रिस्परच्या ओळीत नव्याने खोचून घेतात.

हे तपासायला सिक्वेन्सिंगचीही लगेच गरज नाही. वाचलेल्या वसाहती उचला आणि क्रिस्परच्या ओळीच्या सुरुवातीच्या टोकाला, म्हणजे लीडरच्या बाजूला, पीसीआर करा. नवा तुकडा जवळजवळ नेहमी त्याच टोकाला येतो. थर्मोफिलसमध्ये तुकडा ३० अक्षरांचा आणि सोबतची पुनरावृत्ती ३६ अक्षरांची, म्हणजे पट्टी ६६ ने लांब व्हायला हवी. २ टक्क्यांच्या अगारोज जेलवर मूळ स्ट्रेन शेजारी चालवली तर फरक डोळ्यांनी दिसतो. लांबी तीच असेल तर ती वसाहत ग्राही बदलून वाचलेली असणार, तिची चिकटण्याची चाचणी करा. एकाच प्लेटवर दोन्ही तऱ्हेच्या वसाहती मिळतात, म्हणून एकच उचलून निष्कर्ष काढू नका, निदान दहा उचला.

जुना, आधीपासूनचा तुकडा काम करतो का हे बघायचं असेल, तर तो तुकडा आणि त्याच्या शेजारची पीएएमची (क्रिस्परला तोडायची जागा ओळखायला लागणारी) अक्षरं प्लाझ्मिडमध्ये घाला आणि पेशीत सोडा. क्रिस्पर चालू असेल तर वसाहती फार कमी येतात. पीएएम बिघडवलेलं प्लाझ्मिड सोबत हवंच. आणि तुकडा असूनही फाज आत आला, तर पीएएम किंवा त्याला लागून असलेली अक्षरं वाचा. एका अक्षराचा बदलसुद्धा फाजला सोडवतो. म्हणून विरजण बनवणारे एका तुकड्यावर समाधान मानत नाहीत, त्याच फाजविरुद्ध दोन-तीन तुकडे जमेपर्यंत फेऱ्या करतात.

पेशी मरते, फाज वाढत नाही

आता ते टाचणीच्या टोकाएवढे प्लाक. काही यंत्रणा फाजला आत येऊ देतात आणि मग पेशीचाच कारभार बंद पाडतात. कुणी एनएडी हा पेशीच्या ऊर्जेसाठी लागणारा रेणू संपवतं, कुणी पटलाला भोक पाडतं, कुणी आरएनए तोडतं. पेशी मरते, पण फाज तयार व्हायच्या आधी, आणि शेजारच्या वाचतात. लॅक्टोकॉकसमध्ये अशा वीसहून जास्त यंत्रणा एबीआय (अबॉर्टिव्ह इन्फेक्शन, म्हणजे अर्ध्यात थांबलेली लागण) या नावाखाली नोंदलेल्या आहेत.

ओळखायची पद्धत: ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर कल्चर, ओडी ०.१, आणि पेशीमागे ०.०५ व ५ असे फाजचे दोन डोस. दर १० मिनिटांनी ओडी. ०.०५ ला शंभरातल्या ९५ पेशींना फाज लागतच नाही, त्यामुळे कल्चर तगून वर येतं. ५ ला हजारात जेमतेम ७ पेशी सुटतात, म्हणून कल्चर कोसळतं. ही जोडी दिसली की लोक ‘एबीआय’ लिहून मोकळे होतात. थांबा. रिस्ट्रिक्शन एन्झाइमही एका पेशीत पाच-सहा फाज एकदम आले की अपुरं पडतं आणि तिथेही कल्चर कोसळतं. फरक वरच्या द्रवात आहे. कोसळल्यावर तो गाळून फाज मोजा. रिस्ट्रिक्शन हरलं असेल तर टायटर सुरुवातीच्या कितीतरी पट चढलेला असतो. एबीआय असेल तर चढलेला नसतो, उलट उतरलेलाही असतो, कारण आत गेलेले फाज परत आलेच नाहीत.

फाजला विचारा

या सगळ्यानंतरही संशय उरला तर अवघड स्ट्रेनवर उमटलेले प्लाक वाढवा, परतीच्या तिकिटाच्या चाचणीत ईओपी १ वर राहणारे चार-पाच निवडा आणि त्यांचे जीनोम वाचा. फाजचा जीनोम लहान असतो, खर्च फारसा नाही. बदल शेपटीच्या प्रथिनात असेल तर अडथळा ग्राहीचा. सगळ्यांत एकाच छोट्या जागी आणि पीएएमलगत असेल तर क्रिस्पर. बदल कवचाच्या मुख्य प्रथिनात निघाला तर चकित होऊ नका. काही यंत्रणा नेमकं तेच प्रथिन ओळखून जाग्या होतात, उदाहरणार्थ ई. कोलायला वाचवणारी कॅपरेल.

जीनोमवरची यादी आता काढा. डिफेन्सफाइंडर किंवा पॅडलॉक ही साधनं मिनिटांत देतात. यादीतल्या ज्या यंत्रणा तुमच्या पायरीशी जुळतात तेवढ्याच निवडा. आधी ते जनुक अवघड स्ट्रेनमधून काढून ईओपी चढतो का बघा. मग तेच जनुक त्याच्या स्वतःच्या प्रमोटरसह (जनुक चालू करणाऱ्या भागासह), कमी संख्येत राहणाऱ्या प्लाझ्मिडवर सोप्या स्ट्रेनमध्ये घाला. जास्त संख्येच्या प्लाझ्मिडवर घातलं तर या यंत्रणा फाज नसतानाही पेशीला पोळतात आणि हळू वाढणाऱ्या कल्चरमध्ये प्लाकही आपोआप लहान दिसतात. म्हणून रिकामं प्लाझ्मिड आणि एन्झाइमचं मर्मस्थान मोडलेलं प्लाझ्मिड, दोन्ही शेजारी ठेवा, आणि प्लेट ओतण्याआधी तिन्ही कल्चरची वाढ फाजशिवाय एकदा मोजून घ्या.